तीन परिचारिकांचे हात: ओक्लाहोमा सिटीतील नवजात अतिदक्षता विभागाचे प्रकरण

जानेवारी १९९७ ते मार्च १९९८ या पंधरा महिन्यांत अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथील एका नवजात अतिदक्षता विभागात ४३९ बाळे दाखल झाली. त्यांपैकी ४६ बाळांना, म्हणजे साधारण दर दहांत एकाला, स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू त्या विभागातच लागला आणि या ४६ पैकी १६ बाळे दगावली. चौकशीत १०४ कर्मचाऱ्यांच्या हातांचे नमुने तपासले गेले, तेव्हा तिघींच्या हातांवर तो जिवाणू सापडला. तिघीही परिचारिका होत्या. एकीची नखे नैसर्गिक पण लांब होती, दुसरीची लांब आणि कृत्रिम होती, तिसरीची नैसर्गिक आणि आखूड होती. हा तपास २००० साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयातील नखांविषयीच्या नियमांची चर्चा निघाली की त्याचा दाखला हमखास दिला जातो, आणि तो बहुतेक वेळा एका वाक्यात उरकला जातो: लांब नखांमुळे बाळे दगावली. मूळ तपास असे म्हणत नाही. तो जे म्हणतो ते याहून बरेच सावध आहे आणि रोजच्या कामाच्या दृष्टीने, माझ्या मते, अधिक उपयोगाचेही आहे.

आधी १६ या आकड्याविषयी. जिवाणू लागलेल्या बाळांपैकी १६ दगावली, याचा अर्थ सोळाही जिवाणूमुळेच दगावली असा होत नाही. अतिदक्षता विभागात अनेक आठवडे राहणारे बाळ मुळातच कमी दिवसांचे, कमी वजनाचे आणि नाजूक असते. त्याच्या फुप्फुसांचा आजार, मेंदूतील रक्तस्राव, आतड्यांचा दाह यांपैकी काहीही त्याला नेऊ शकते. शिवाय जे बाळ जास्त दिवस राहते त्याला जिवाणू लागण्याची संधीही जास्त मिळते. त्यामुळे आजारपणाने लागण ओढवली की लागणीने आजारपण वाढले, हे एकेका बाळाच्या बाबतीत उलगडणे फार कठीण असते. तपासकांनी जोखमीचे गणित मांडताना मृत्यूऐवजी दोन मोजता येण्याजोग्या गोष्टी धरल्या: रक्तप्रवाहात जिवाणूचा संसर्ग होणे, किंवा श्वासनलिकेत घातलेल्या ट्यूबमध्ये जिवाणूने वस्ती करणे. ही निवड वरवर तांत्रिक वाटते. प्रत्यक्षात या प्रकरणाचा गाभा तिच्यातच आहे.

व्हेंटिलेटरवर असलेल्या बाळाची ट्यूब म्हणजे काय, हे विभागात उभे राहून पाहिल्याशिवाय नीट लक्षात येत नाही. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळासाठी वापरली जाणारी ट्यूब आतून जेमतेम अडीच मिलिमीटर रुंद असते. ती तोंडातून किंवा नाकातून थेट श्वासनलिकेत जाते. नाकातील गाळणी, घशाचा पहारा, खोकला आणि श्वासनलिकेच्या आतल्या सूक्ष्म केसांची झाडलोट, ही निसर्गाने दिलेली सगळी संरक्षणे ती ओलांडून जाते. मोठ्या माणसांच्या ट्यूबला असतो तसा फुगा नवजात बाळाच्या ट्यूबला सहसा नसतो, त्यामुळे घशातील लाळ आणि स्राव तिच्या कडेने खाली झिरपत राहतात. ट्यूबच्या आतल्या पृष्ठभागावर काही तासांतच जिवाणूंचा चिकट थर बसू लागतो. या थरात दडलेल्या जिवाणूंपर्यंत औषध पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. स्राव साचला की सक्शन करावे लागते, म्हणजे बारीक नळीने तो ओढून काढावा लागतो, आणि प्रत्येक सक्शनच्या वेळी कुणाचा तरी हात ट्यूबच्या तोंडाशी येतो. नळ्यांत साचलेले दवासारखे पाणी काढावे लागते, ट्यूबची पट्टी सैल झाली तर पुन्हा चिकटवावी लागते, हवा दमट ठेवणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये पाणी भरावे लागते. चोवीस तासांत या बाळाला किती वेळा हात लागतो हे मोजायला बसले तर मोजणाराच कंटाळतो. आणि ज्या बाळाचा जन्म वेळेआधी झाला आहे, त्याला आईकडून मिळणारी प्रतिकारद्रव्येही अपुरीच मिळालेली असतात, कारण त्यांचा मोठा वाटा गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाकडे जातो.

ट्यूबमधील जिवाणूची वस्ती आणि फुप्फुसाचा संसर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत हीच औषधरोधाची, म्हणजे जिवाणू औषधांना न जुमानू लागण्याची, एक मोठी वाट आहे. ट्यूबमधून काढलेल्या स्रावाच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातील जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जिवाणू वाढला, म्हणजे बाळाला न्यूमोनिया झाला असे नव्हे. बाळाची ऑक्सिजनची गरज वाढली आहे का, एक्स-रेमध्ये नवी छाया आहे का, बाळ मलूल झाले आहे का, हे सगळे पाहून निर्णय घ्यावा लागतो, आणि कमी दिवसांच्या बाळाच्या मुळातच खराब असलेल्या फुप्फुसांच्या एक्स-रेमध्ये नवे काय आणि जुने काय हे ठरवताना अनुभवी डॉक्टरांतही मतभेद होतात. अशा वेळी रात्री दोन वाजता ड्यूटीवर असलेला निवासी डॉक्टर कल्चरचा कागद हातात घेऊन मेरोपेनेम हे प्रभावी प्रतिजैविक सुरू करतो. त्याला दोष देणे सोपे आहे. औषध न दिल्याने बाळ गेले तर उत्तर त्यालाच द्यावे लागणार असते. पण ज्या जिवाणूने नुसती वस्ती केली होती, त्याच्यावर आठवडाभर मेरोपेनेमचा मारा झाला की जे थोडे जिवाणू त्या औषधाला दाद देत नाहीत तेवढेच उरतात, वाढतात आणि पुढच्या हाताबरोबर शेजारच्या बाळाच्या पेटीकडे (इन्क्युबेटरकडे) निघतात.

स्यूडोमोनास या बाबतीत विशेष तरबेज आहे. त्याचे बाहेरचे आवरण औषधांना सहजासहजी आत घेत नाही. जे औषध आत शिरते त्याला बाहेर फेकणारे पंप त्याच्याकडे आहेत. पेनिसिलिनच्या कुळातील अनेक औषधे फोडून टाकणारे विकर (एन्झाइम) तो गरजेनुसार वाढवू शकतो, आणि इमिपेनेमसारखे औषध ज्या दारातून आत येते ते दारच बंद करून टाकणारे बदल त्याच्यात उपचार चालू असतानाही घडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली ज्या जिवाणूंसाठी नवी औषधे शोधणे अत्यंत निकडीचे आहे त्यांची यादी केली, तेव्हा कार्बापेनेमला (मेरोपेनेम, इमिपेनेम यांच्या गटाला) न जुमानणारा स्यूडोमोनास सर्वांत वरच्या गटात होता. २०२४ च्या यादीत तो त्याखालच्या गटात आला, पण यादीतून गेला नाही. शिवाय त्याला ओलावा आवडतो. सिंक, नळ, ह्युमिडिफायर, ओला स्पंज, अर्धवट वापरलेली सलाईनची बाटली, यांपैकी कोठेही तो अत्यल्प पोषणावर तग धरून राहतो. ओक्लाहोमाच्या चौकशीचा रोख औषधरोधावर नव्हता, जिवाणू बाळापर्यंत पोहोचतो कसा यावर होता. पण ज्या जिवाणूवर औषधे मोजकीच चालतात त्याच्या बाबतीत हा दुसरा प्रश्नच आधी सोडवावा लागतो.

आता चौकशीकडे. ४६ पैकी २० बाळांच्या जिवाणूंचा जनुकीय ठसा घेता आला. त्यांतील १५ बाळांचे जिवाणू एकाच ठशाचे निघाले. त्याला ‘ए’ म्हटले गेले. तीन बाळांचे जिवाणू दुसऱ्या ठशाचे होते, तो ‘बी’. उरलेली दोन या दोन्हींत बसली नाहीत. हातांच्या नमुन्यांतही हेच दोन ठसे आले: दोन परिचारिकांच्या हातांवर ‘ए’, एकीच्या हातांवर ‘बी’. अहवालात त्यांची नावे अर्थातच नाहीत. ठशाच्या अक्षरावरून त्यांना ए-१, ए-२ आणि बी म्हटले आहे. ए-१ ची नखे लांब आणि नैसर्गिक, बी ची लांब आणि कृत्रिम, ए-२ ची आखूड आणि नैसर्गिक.

एवढ्यावर थांबले असते तर हे प्रकरण फारसे काही सांगू शकले नसते. परिचारिकेच्या हातावर आणि बाळाच्या ट्यूबमध्ये एकच जिवाणू सापडला, तर तो हाताकडून बाळाकडे गेला असेल किंवा बाळाकडून हाताकडे आला असेल. ज्या विभागात जिवाणू मोकाट आहे तेथे काम करणाऱ्या हातांवर तो सापडणे हे काही वेळा परिणाम असते, कारण नसते. हातांचे नमुने घेण्याची कल्पना कोणत्याही विभागात निघाली की कर्मचाऱ्यांत जी अस्वस्थता पसरते तिचे मूळ येथेच आहे: कल्चरचा अहवाल आरोपपत्रासारखा वाचला जातो आणि ज्या सिस्टरच्या नावापुढे जिवाणूचे नाव आले तिच्याकडे सगळे वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

म्हणून तपासकांनी पुढचे पाऊल टाकले. कोणत्या बाळाची शुश्रूषा कोणत्या परिचारिकेने केली याची नोंद घेऊन त्यांनी हिशेब मांडला. हा हिशेब सरळ नसतो. अनुभवी परिचारिकेकडे सहसा सर्वांत आजारी बाळे दिली जातात, आणि सर्वांत आजारी बाळांनाच जिवाणू लागण्याची शक्यता जास्त असते. त्यामुळे सर्वांत कुशल परिचारिका कागदावर सर्वांत धोकादायक दिसू शकते. हा गुंता सोडवण्यासाठी अनेक घटकांचा एकत्रित विचार करणारे सांख्यिकी विश्लेषण केले गेले. त्यात दोन परिचारिकांशी आलेला संपर्क प्रत्येकी स्वतंत्रपणे लागणीशी जोडलेला आढळला: ए-१ आणि बी. तपासलेल्या इतर घटकांचा संबंध टिकला नाही. आणि ए-२, जिच्या हातांवर ए-१ च्याच ठशाचा जिवाणू होता, तिच्याशी आलेल्या संपर्काचाही संबंध टिकला नाही.

हे प्रकरण शिकवताना मी या ए-२ पाशी नेहमी थांबतो. तिच्याविना कथा फार सोपी होते: जिवाणू असलेले हात, आजारी बाळे, झाले. ती असल्यामुळे एक नैसर्गिक तुलना समोर येते. विभाग तोच, जिवाणूचा ठसा तोच, काम तेच. फरक दिसतो तो नखांच्या लांबीत आणि बाळांना पोहोचलेल्या धोक्यात. आखूड नखांच्या हातावर जिवाणू आला, पण तो हात त्याला पुढे नेत होता असे हिशेबात दिसले नाही. कदाचित तिच्या हातावर तो तात्पुरता आला असेल आणि पुढच्या वेळी हातांना चोळलेल्या जंतुनाशक हँडरबने गेला असेल. लांब नखांखाली मात्र त्याला कायमचे बिऱ्हाड करता आले असेल. शक्यता पटण्याजोगी आहे. बोटांच्या टोकांवरील नखांखालचा भाग हा हातावरील सर्वाधिक जिवाणू बाळगणारा भाग आहे, आणि कृत्रिम नखे वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या बोटांवर हात धुण्यापूर्वी आणि धुतल्यानंतरही या प्रकारचे जिवाणू जास्त सापडतात, हे इतर अभ्यासांतून माहीत झालेले आहे. न्यूयॉर्कच्या एका नवजात अतिदक्षता विभागातील स्यूडोमोनासचा अभ्यासही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. तेथे १६५ कर्मचाऱ्यांपैकी १० जणांच्या हातांवर जिवाणू सापडला आणि वाढते वय व पूर्वी कृत्रिम नखे वापरलेली असणे या दोन गोष्टी त्याच्याशी जोडलेल्या आढळल्या.

तरीही तुलना एकेका व्यक्तीची आहे. लांब नखांच्या दोघी आणि आखूड नखांची एक, एवढ्या संख्येवर नखांचा सिद्धान्त उभा राहत नाही. ए-१ आणि ए-२ यांच्यात नखांखेरीज आणखी शंभर फरक असू शकतात: कोण कसे हात धुते, कोणाच्या हातांची त्वचा सतत धुण्याने फुटली आहे, कोणाकडे सक्शनची किती कामे येतात. ४६ पैकी २६ बाळांच्या जिवाणूंचा ठसा मिळालेलाच नाही, त्यामुळे ‘ए’ आणि ‘बी’ यांनी खरोखर किती बाळे गाठली हे पूर्णपणे सांगता येत नाही. ज्या दोन बाळांचे ठसे कोणाशीच जुळले नाहीत ती बाळे तर स्पष्टच सांगतात की त्या विभागात जिवाणूची आणखी एखादी वाट चालू होती. तपासकांना हे सगळे दिसत होते. म्हणूनच त्यांच्या लेखाच्या शीर्षकात नखांविषयीचे विधान प्रश्नचिन्हासह येते आणि निष्कर्षात ते लिहितात की पुराव्यातून लांब किंवा कृत्रिम नखांची संभाव्य भूमिका सुचते, सिद्ध होत नाही. मात्र नवजात अतिदक्षता विभागात आखूड व नैसर्गिक नखांची सक्ती करणे हे वाजवी धोरण आहे.

पुरावा अपुरा आणि धोरण मात्र वाजवी, हे दोन्ही एकाच परिच्छेदात लिहिण्याची शिस्त मला या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते. नखे कापायला खर्च नाही, धोका नाही, आणि ज्याला वाचवायचे आहे ते बाळ आठशे ग्रॅमचे आहे. अशा वेळी सिद्धतेची वाट पाहत बसण्यात शहाणपण नाही. पण सिद्धता नसताना त्या परिचारिकांना दोषी ठरवण्याचाही अधिकार कोणाला मिळत नाही. नियम हातांसाठी करायचा असतो, माणसांविरुद्ध नव्हे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००२ च्या हस्तस्वच्छतेच्या मार्गदर्शक सूचनांत अतिदक्षता विभागासारख्या ठिकाणी कृत्रिम नखांना मनाई केली आणि नैसर्गिक नखांची टोके पाव इंचापेक्षा कमी असावीत असे म्हटले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हेच अर्ध्या सेंटिमीटरच्या मापाने सांगितले. दोन्हींकडे रोख मापावर आहे.

आपल्याकडे कृत्रिम नखांचा प्रश्न विभागात क्वचितच येतो. येतो तो बांगड्यांचा, अंगठ्यांचा आणि मनगटावरच्या दोऱ्यांचा. अंगठीखालच्या त्वचेवर जिवाणूंची दाटी जास्त असते आणि बांगड्या असल्या की मनगटापर्यंत हात चोळून धुता येत नाहीत, हे समजावून सांगणे अवघड नाही. अवघड असते ते नुकतेच लग्न होऊन आलेल्या सिस्टरला हिरवा चुडा काढून ठेवायला सांगणे. येथे नियम कागदावर टांगून भागत नाही. जेथे वरिष्ठ सिस्टर स्वतःच्या बांगड्या रुमालात बांधून लॉकरमध्ये ठेवतात आणि राउंडला येणारे मोठे डॉक्टर घड्याळ व अंगठी काढून आत येतात, तेथे बाकीच्यांना फारसे सांगावे लागत नाही. ज्या विभागात प्राध्यापकांच्या बोटातील पुष्कराज चालतो, तेथे सिस्टरच्या बांगडीवर बोट ठेवण्याला काही अर्थ राहत नाही.

मात्र ओक्लाहोमाचा धडा जसाच्या तसा आपल्या विभागांना लावण्यात एक अडचण आहे. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत जुलै २०११ ते फेब्रुवारी २०१४ या काळात झालेल्या अभ्यासात, त्याच रुग्णालयांत जन्मून अतिदक्षता विभागांत दाखल झालेल्या १३,५३० बाळांची नोंद ठेवली गेली. त्यांपैकी ६.२ टक्के बाळांना कल्चरने सिद्ध झालेला जंतुसंसर्ग होता आणि अशा बाळांपैकी जवळपास निम्मी दगावली. सर्वाधिक सापडलेला जिवाणू ॲसिनेटोबॅक्टर होता, त्याखालोखाल क्लेबसिएला आणि ई. कोलाय. ॲसिनेटोबॅक्टरचे ८२ टक्के आणि क्लेबसिएलाचे ५४ टक्के नमुने एकाच वेळी अनेक गटांतील औषधांना न जुमानणारे होते. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की जंतुसंसर्गाच्या एकूण घटनांपैकी सुमारे दोन तृतीयांश घटना जन्मापासून पहिल्या ७२ तासांत घडल्या. पाठ्यपुस्तकांनुसार एवढ्या लवकरचा संसर्ग आईकडून आलेला मानतात. पण हे जिवाणू रुग्णालयात वावरणारे होते, म्हणजे बाळ व्हेंटिलेटरपर्यंत पोहोचण्याच्या आधी, प्रसूतिगृहातच, त्यांची गाठ पडत असण्याची शक्यता मोठी आहे. अशा बाळाच्या ट्यूबशी येणारा सिस्टरचा हात कितीही स्वच्छ असला तरी तो उशिरा येतो. नाळ कापणारा हात, बाळाला पुसायचे कापड, पुनरुज्जीवनाची पिशवी आणि सक्शनचे यंत्र यांच्यापासून हिशेब सुरू करावा लागतो.

दुसरी अडचण पाण्याची. हात धुवा असे म्हणताना नळातून येणारे पाणी निर्मळ आहे असे आपण गृहीत धरतो. उत्तर आयर्लंडमध्ये डिसेंबर २०११ आणि जानेवारी २०१२ मध्ये स्यूडोमोनासच्या संसर्गाने नवजात विभागांतील चार बाळे दगावली, एक डेरी शहरातील आणि तीन बेलफास्टमधील रुग्णालयात. त्यानंतर झालेल्या स्वतंत्र चौकशीत बोट नळांकडे वळले. हात न लावता चालू होणारे, संसर्ग टाळण्यासाठीच बसवलेले आधुनिक नळ आतून गुंतागुंतीचे होते आणि त्यांच्या तोंडाशी पाण्याची धार सरळ करणाऱ्या जाळीदार भागात जिवाणूंचा थर सर्वाधिक साचलेला आढळला. नवजात विभागातील बाळांना धुण्यापुसण्यासाठी निर्जंतुक पाणीच वापरावे, अशी शिफारस त्यातून आली. ओक्लाहोमातील दोन न जुळलेल्या ठशांचा विचार करताना मला हे नळ आठवतात. जेथे गच्चीवरच्या टाकीतून पाणी येते आणि ती टाकी शेवटची कधी धुतली हे कोणी सांगू शकत नाही, तेथे बाळाला हात लावण्यापूर्वी साबण-पाण्यापेक्षा अल्कोहोलयुक्त हँडरबवर अधिक भर का द्यावा, हेही यातून कळते. हात उघड उघड मळलेले असतील तेव्हा मात्र पाण्याला पर्याय नाही.

आणि हँडरबच्या बाटलीलाही हात पोहोचला पाहिजे. व्हेंटिलेटरवरील प्रत्येक बाळामागे एक परिचारिका हा आदर्श आहे. सार्वजनिक रुग्णालयात रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती बाळे असतात हे तेथे काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. एका बाळाचा ऑक्सिजन घसरल्याचा अलार्म वाजत असताना दुसऱ्याची ट्यूब हाताळत असलेली सिस्टर मधल्या दोन पावलांत हात चोळायला वीस सेकंद थांबेल का, हा प्रश्न तिच्या सचोटीचा नाही, तर तिच्या वाट्याला आलेल्या बाळांच्या संख्येचा आहे. जिवाणू कोणत्या पेटीतून कोणत्या पेटीत गेला हे शोधताना ड्यूटीचा तक्ता कल्चरच्या अहवालाशेजारी ठेवून वाचावा, असे म्हणण्यामागे हेच कारण आहे. ओक्लाहोमाच्या तपासकांनी तेच केले होते, आणि ए-१ व ए-२ यांच्यातील फरक त्यांना केवळ सूक्ष्मदर्शकाखाली कधीच दिसला नसता.

ए-२ च्या हातावरचा जिवाणू कोठून आला याचे उत्तर त्या हिशेबातून मिळत नाही. तो एखाद्या बाळाच्या ट्यूबमधून आला असेल, ए-१ ने हाताळलेल्या एखाद्या वस्तूवरून आला असेल, किंवा सिंकच्या कडेवरून. ज्या दिवशी तिच्या बोटांचा नमुना घेतला गेला, त्याच्या आदल्या दिवशी किंवा नंतरच्या दिवशी तो घेतला असता तर कदाचित तेथे काहीच सापडले नसते आणि चौकशीच्या कागदावर तिघींऐवजी दोघीच राहिल्या असत्या.